रक्त कमी, आकडा मोठा

रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनची ओळ सगळ्यात वर असते आणि ईएसआरची बहुतेक वेळा अगदी तळाशी. मधे पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, पीसीव्ही, एमसीव्ही अशी आकड्यांची भलीमोठी रांग. घरी ती कुणी पूर्ण वाचत नाही. ठळक छापलेलं तेवढं बघितलं जातं. समजा, तिशीतल्या एका बाईंचा रिपोर्ट आहे. हिमोग्लोबिन ७.१, ठळक. ईएसआर ४८, तोही ठळक. पहिल्या आकड्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. बायकांचं रक्त कमी असायचंच, हे आपल्याकडे पार अंगवळणी पडलेलं आहे. दुसऱ्या आकड्याने मात्र घरादाराची झोप उडते. ईएसआर वाढलाय म्हणजे टीबी असणार, संधिवात असणार, ‘आतून इन्फेक्शन’ असणार. मग एक्स-रे, मग आणखी तपासण्या, मग ‘पाच दिवसांचा कोर्स करून बघू’.

खरं तर हे दोन्ही आकडे एकाच सिरिंजमधून आलेले असतात आणि त्यांचं आपसात नातं असतं. रक्तात लाल पेशी कमी असल्या की ईएसआर वाढतो. त्यासाठी टीबी लागत नाही की संधिवात लागत नाही. ही काही नवी माहिती नव्हे. ज्या डॉक्टरने ही तपासणी पहिल्यांदा मांडली, त्यानेच १८९७ मध्ये हे लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे तर ते जास्तच लक्षात ठेवायला हवं. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास. जिथे निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी, तिथे तळाची ओळ वरची ओळ सोडून वाचणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटण्याची तयारी.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘रक्त कमी आहे म्हणून वाढला असेल’ एवढं म्हणून ईएसआर सोडून देणंही धोक्याचं ठरू शकतं. या दोन चुकांच्या मधून वाट काढायची, तर ईएसआरची, म्हणजे लाल पेशी खाली बसण्याचा वेग दाखवणारी, नळी नेमकं काय मोजते ते आधी बघायला हवं.

तीस सेंटिमीटरची नळी

या नळीला वेस्टरग्रेनची नळी म्हणतात; हा वेस्टरग्रेन कोण, ते पुढे येईल. ती काचेची, दोन्ही तोंडांनी उघडी, तीस सेंटिमीटर लांब. आतला व्यास अडीच मिलिमीटरच्या आसपास. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, वर शून्य आणि खाली दोनशे. चार भाग रक्ताला एक भाग सोडियम सायट्रेट, ३.८ टक्क्यांचं, हे प्रमाण ठरलेलं. काळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट आधीच भरलेलं असतं. टेक्निशियन त्यात खुणेपर्यंत रक्त घेतो, ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करतो आणि मग ते रक्त नळीत शून्यापर्यंत चढवतो. पूर्वी ते तोंडाने ओढून चढवत. तो प्रकार आता बाद झाला आहे. रबरी फुगा वापरतात किंवा ट्यूबमध्येच बसणारी प्लास्टिकची नळी.

नळी स्टँडवर लावायची, टायमरवर साठ मिनिटं लावायची आणि मग कुणी हात लावायचा नाही. एवढीच तपासणी. वीज लागत नाही, रसायनांची बाटली लागत नाही. म्हणूनच तालुक्याच्या गावातल्या एका खोलीच्या लॅबमध्येही ती होते आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘सीबीसी, ईएसआर’ हे जोडीनेच लिहिलं जातं.

पहिली दहाएक मिनिटं नळीकडे बघितलं तर काहीच घडत नाही असं वाटतं. वरच्या कडेला जेमतेम एखाद्या मिलिमीटरची पिवळसर रेघ. पण खरी जुळवाजुळव याच वेळात चालू असते. पुढच्या चाळीसेक मिनिटांत लाल स्तंभ भराभर खाली सरकतो आणि वर स्वच्छ, गवती रंगाचा प्लाझ्मा उरतो. शेवटच्या दहा मिनिटांत तळाशी दाटी होते आणि वेग मंदावतो. तास भरला की प्लाझ्मा आणि लाल स्तंभ यांच्यामधली रेघ कुठल्या खुणेवर आहे ते वाचायचं. ४८ वर असेल तर ईएसआर ४८.

एवढ्या साध्या तपासणीत बिघडण्यासारखं पुष्कळ असतं. स्टँडच्या बुडाचं रबर झिजलं की खालून रक्त झिरपतं आणि आकडा फुगतो. नमुना चार तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिला की पेशींचा आकार बदलू लागतो. खोलीचं तापमान १८ ते २५ अंशांत असावं असा नियम आहे. मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या लॅबमध्ये एसी बंद पडला तर नळीतला प्लाझ्मा पातळ होतो आणि पेशी जास्त वेगाने बसतात. सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे नळी तिरकी असणं. तीन अंशांचा कल डोळ्याला कळतही नाही, पण आकडा तीस टक्क्यांपर्यंत चढू शकतो. तिरक्या नळीत पेशींना थोडंसंच अंतर पडून खालच्या भिंतीला टेकता येतं आणि तिच्यावरून घसरत जाता येतं. प्लाझ्माला वरच्या भिंतीलगत मोकळी वाट मिळते. आर्थर बॉयकॉट या इंग्रज डॉक्टरने १९२० मध्ये हे नोंदवलं होतं.

वॉर्सा, स्टॉकहोम, बाल्टिमोर

साकळलेलं किंवा उभं ठेवलेलं रक्त थरांत वेगळं होतं, हे शिरा कापून रक्त काढणाऱ्या जुन्या वैद्यांना माहीत होतं. तापाच्या रुग्णाच्या रक्तावर फिकट साय धरते, हेही त्यांनी पाहिलं होतं. पण ते मोजायचं कसं, हे एडमंड बिएरनात्स्की या पोलिश डॉक्टरने दाखवलं. रशियन साम्राज्यात असलेल्या वॉर्सामध्ये काम करताना १८९७ मध्ये त्याने आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. रक्त खाली बसण्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. तापाच्या आजारांत तो वाढतो. हे फायब्रिनोजेन या प्लाझ्मातल्या प्रथिनावर अवलंबून आहे. फायब्रिन काढून टाकलं तर वेग कमी होतो. आणि ज्या रक्तात पेशी कमी असतात, ते लवकर बसतं. हे शेवटचं निरीक्षण म्हणजे या लेखाचा विषयच. पोलंडमध्ये या तपासणीला अजूनही बिएरनात्स्कीच्या नावानेच ओळखतात. बाकी जग त्याला विसरलं.

वीस वर्षांनी स्वीडनमध्ये रॉबिन फोरेउसला हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने सापडली. गर्भवतींचं रक्त लवकर खाली बसतं हे त्याला दिसलं आणि गर्भधारणा ओळखण्याची तपासणी हाती लागली असं वाटलं. १९१८ मध्ये त्याने ते मांडलं. लवकरच लक्षात आलं की आजारी पुरुषांचं रक्तही तसंच वागतं, म्हणजे ही खूण गर्भधारणेपुरती नाही. त्याचाच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन याने १९२१ मध्ये फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांवर पद्धतशीर काम केलं आणि नळी, सायट्रेट, प्रमाण, वेळ हे सगळं ठरवून दिलं. क्षयावर औषध नव्हतं तो हा काळ. सॅनिटोरियममधला रुग्ण सुधारतोय की खालावतोय, याचा अंदाज या नळीवरून घेता येई. ईएसआर आणि टीबी यांची आपल्या मनात बसलेली गाठ तिथली आहे. आज क्षयाचं निदान थुंकीच्या तपासणीवर आणि सीबीनॅटवर होतं, ईएसआरवर नाही. पण जुनी गाठ सुटत नाही.

तिसरा माणूस मॅक्सवेल विन्ट्रोब. जन्म कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा, काम न्यू ऑर्लीन्स, बाल्टिमोर आणि पुढे युटामध्ये. रिपोर्टवरचे एमसीव्ही, एमसीएच हे आकडे त्याचीच देणगी. ॲनिमिया हा त्याचा जन्मभराचा विषय, त्यामुळे ईएसआरमधली अडचण त्याला बोचली नसती तरच नवल. १९३५ मध्ये त्याने आणि लँड्सबर्गने वेगळी पद्धत मांडली. शंभर मिलिमीटर खुणांची, तळ बंद असलेली आखूड नळी आणि पातळ न केलेलं रक्त. तासाने ईएसआर वाचायचा. मग तीच नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी गच्च बसवायच्या आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला टक्का, वाचायचा. एकाच नळीत दोन्ही आकडे. शेवटी तक्ता उघडायचा, दोन्ही आकडे जिथे मिळतात ती जागा शोधायची आणि ॲनिमियाचा हिशोब वजा केलेला ‘सुधारित’ ईएसआर लिहायचा. त्या तक्त्याचं पुढे काय झालं, ते ओघात येईलच.

पेशी का पडतात

लाल पेशीची घनता १.०९ ते १.१०, प्लाझ्माची १.०२५ च्या आसपास. फरक थोडाच, पण पेशी जड आहे एवढं नक्की. एकटीदुकटी पेशी मात्र तासाभरात फारशी खाली जात नाही. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन. एवढ्या बारीक कणाला द्रवाचा अडथळा फार जाणवतो. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे पडण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्रिज्या दुप्पट झाली तर वेग चौपट. वेग वाढायला पेशींनी एकत्र यायला हवं.

निरोगी रक्तात त्या सहज एकत्र येत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावर सायलिक आम्ल असतं, त्याच्यामुळे तिच्यावर ऋण भार असतो आणि सगळ्या पेशी एकमेकींना दूर लोटतात. आजारात यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवतं, काही आजारांत इम्युनोग्लोब्युलिन वाढतात. ही मोठी प्रथिनं पेशींमधलं दूर लोटणं कमी करतात आणि पेशी एकमेकींना चपट्या बाजूने चिकटतात, नाण्यांच्या चळतीसारख्या. पहिल्या दहा मिनिटांतली जुळवाजुळव ती हीच. चळत जेवढी मोठी, तेवढी ती झपाट्याने खाली जाते. डॉक्टरांना ईएसआरमधून जे कळून घ्यायचं असतं ते एवढंच: प्लाझ्मामध्ये चळती करणारी प्रथिनं वाढली आहेत का? म्हणजेच शरीरात कुठे दाह, संसर्ग किंवा तसलं काही चालू आहे का?

नळीला मात्र तो प्रश्न माहीत नसतो. ती फक्त रेघ कुठे आली ते दाखवते. आणि ती रेघ प्रथिनांवर ठरते तशीच नळीत पेशी किती आहेत यावरही ठरते.

पेशी कमी झाल्या की

चळत खाली जाते तेव्हा तिच्या जागेवरच्या प्लाझ्माला वर यावं लागतं. हा वर येणारा प्रवाह खाली जाणाऱ्या पेशींना अडवतो. निरोगी रक्तात पीसीव्ही ४० ते ४५ च्या घरात असतो, म्हणजे जवळपास निम्मी जागा पेशींनी भरलेली. त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून प्लाझ्माला वाट काढावी लागते आणि सगळ्याच पेशी एकमेकींच्या आड येतात. पीसीव्ही २३ वर आला की फटी रुंद होतात, प्लाझ्मा विनासायास वर येतो आणि पेशी खाली सरकतात. फायब्रिनोजेन तेवढंच असलं तरी आकडा चढतो.

जागेचा हिशोबही आहे. वेस्टरग्रेन पद्धतीत रक्त सायट्रेटने पातळ केल्यावर ४५ चा पीसीव्ही ३६ होतो. पेशी पूर्ण गच्च बसल्या असं धरलं तरी दोनशे मिलिमीटरच्या नळीत त्यांना ७२ मिलिमीटर जागा लागणारच. रेघ १२८ च्या खाली जाऊच शकत नाही. २३ पीसीव्हीच्या रक्तात तीच मर्यादा १६३ वर जाते. प्रत्यक्षात नळीत पेशी एवढ्या गच्च बसत नाहीत, पण मुद्दा कळतो: ॲनिमिया असलेल्या रक्ताला खाली जायला मोकळीकही जास्त आणि जागाही जास्त.

रक्त जास्त असलं की उलट घडतं. पॉलिसायथेमियात पीसीव्ही ६० च्या घरात गेला, तर अंगात दाह असूनही ईएसआर दोन-तीन येऊ शकतो. प्रमाण ठरवणाऱ्यांनाही पीसीव्हीचा हा हस्तक्षेप टाळता आला नाही. आयसीएसएच या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९९३ मध्ये संदर्भासाठी पातळ न केलेल्या रक्ताची पद्धत सुचवली तेव्हा रक्ताचा पीसीव्ही ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, अशी अट घातली होती.

स्त्रियांचा ईएसआर पुरुषांपेक्षा थोडा वर असतो, त्यामागचं एक कारणही कमी पीसीव्ही हेच. वयाप्रमाणेही तो चढतो. १९८३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला एक सोपा ठोकताळा डॉक्टर अजून वापरतात: पुरुषांत वयाच्या निम्मा, स्त्रियांत वयात दहा मिळवून त्याच्या निम्मा, ही वरची मर्यादा. सत्तर वर्षांच्या आजींना चाळीसपर्यंत मुभा आहे. रिपोर्टवर मात्र अनेकदा सगळ्यांना एकच ‘० ते २०’ छापलेलं असतं आणि आजींचा ३२ ठळक होऊन बसतो.

गर्भारपणात तर दोन्ही गोष्टी जोडीने येतात. फायब्रिनोजेन वाढतं आणि प्लाझ्मा वाढल्याने रक्त पातळ होतं. २००१ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गर्भारपणाच्या दुसऱ्या अर्ध्या काळात ॲनिमिया नसलेल्यांचा ईएसआर ७० पर्यंत आणि असलेल्यांचा ९५ पर्यंत सामान्य धरावा असं निघालं. सातव्या महिन्यातल्या बाईचा ६० बघून कुणी धास्तावायचं कारण नाही.

ॲनिमिया कोणता?

‘रक्त कमी’ हा एकच आजार असता तर आकड्यातून ठरावीक रक्कम वजा करून मोकळं होता आलं असतं. पण पेशी किती, याइतकंच पेशी कशा, यालाही महत्त्व आहे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळतो तो लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया. यात पेशी लहान आणि फिकट होतात, एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ८० च्या खाली जातो. संख्या कमी म्हणून आकडा वर चढू बघतो, आकार लहान म्हणून तोच आकडा खाली ओढला जातो. त्यामुळे सौम्य लोहकमतरतेत ईएसआरवर फारसा परिणाम दिसत नाही. हिमोग्लोबिन बरंच खाली गेल्यावर तो ठळक होतो.

बी-१२ च्या कमतरतेत उलटं चित्र. पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही शंभरच्या पुढे जातो. संख्या कमी आणि आकार मोठा, दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्येच ही कमतरता आपल्या लोकांत किती पसरली आहे ते दाखवलं होतं. शाकाहारी घरातल्या थकलेल्या, जिभेची आग होणाऱ्या माणसाचा ईएसआर वाढलेला दिसला, तर एमसीव्हीच्या ओळीकडे नजर टाकायलाच हवी.

तिसरा प्रकार पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा आहे: सिकलसेल. विळ्यासारख्या वाकड्या पेशींच्या चळती होत नाहीत. हिमोग्लोबिन सातवर असूनही ईएसआर दोन किंवा पाच येतो. इथे ॲनिमियामुळे आकडा वाढेल ही अपेक्षाच फसते आणि संसर्ग असतानाही साधा दिसणारा आकडा डॉक्टरला गाफील ठेवू शकतो. ‘ॲनिमियात ईएसआर वाढतो’ हे वाक्य पाठ करणाऱ्याने हा अपवादही सोबत पाठ करावा.

तक्ता का मोडीत निघाला

आता विन्ट्रोबच्या तक्त्याकडे. कल्पना बिनतोड वाटते: पीसीव्ही माहीत आहे, मग त्याचा वाटा वजा करा. इंग्लंडमध्ये हाइन्स आणि व्हिटबी यांनी १९३८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वेस्टरग्रेन नळीतल्या आकड्यासाठी अशीच दुरुस्ती सुचवली. १९८७ मध्ये फॅब्रीने एक सुटसुटीत सूत्र दिलं: ५५ मधून पीसीव्ही वजा करा, १५ ला त्या संख्येने भागा आणि येईल त्याने ईएसआरला गुणा. पीसीव्ही ४० असेल तर गुणक बरोबर एक, आकडा जसाच्या तसा. आपल्या तिशीतल्या बाईंचा पीसीव्ही समजा २३. गुणक जेमतेम ०.४७, म्हणजे ४८ चा ईएसआर साडेबावीसवर येतो. त्यांच्या वयाची वरची मर्यादा वीस. ज्या आकड्याने घर हादरलं होतं, तो मर्यादेच्या उंबरठ्यावर येऊन थांबला.

मग प्रत्येक लॅब ही दुरुस्ती करून का देत नाही? पहिलं कारण वर आलंच आहे: तक्त्याला पीसीव्ही कळतो, पेशींचा आकार कळत नाही. लहान पेशी, मोठ्या पेशी, विळ्यासारख्या पेशी, सगळ्यांना एकच मोजमाप लावलं तर उत्तर कधी कमी तर कधी जास्त चुकणार.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ॲनिमिया आणि दाह अनेकदा एकाच मुळातून येतात. संधिवात, जुनाट संसर्ग, कर्करोग अशा आजारांत इंटरल्युकिन-६ नावाचा संदेशवाहक रेणू वाढतो. तो यकृताला फायब्रिनोजेन वाढवायला सांगतो, म्हणून ईएसआर वाढतो. तोच यकृताकडून हेप्सिडिन नावाचं संप्रेरकही बनवून घेतो. हेप्सिडिन शरीरातल्या लोहाच्या वाटा बंद करतं. लोह साठ्यात अडकून राहतं, अस्थिमज्जेपर्यंत पोहोचत नाही आणि काही आठवड्यांत हिमोग्लोबिन उतरायला लागतं. मग ॲनिमियामुळे ईएसआर आणखी वाढतो. म्हणजे एकाच आजाराने आकडा दोन वाटांनी चढवला. इथे सूत्र लावून ॲनिमियाचा वाटा वजा केला, तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. आजाराने दिलेली खूणच आपण पुसून टाकतो. विन्ट्रोबचा तक्ता पुढे वापरातून गेला, तो या अडचणींपायी.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मल्टिपल मायलोमाचं. साठीच्या पुढचा माणूस, महिनोन्‌महिने पाठ दुखतेय, थकवा आहे, हिमोग्लोबिन आठ, ईएसआर १२०. ‘वय झालं, रक्त कमी आहे, म्हणून वाढलाय’ असं म्हणून त्याला लोहाच्या गोळ्या देऊन पाठवलं तर हाडांतला कर्करोग मागे तसाच राहतो. मायलोमात मज्जेतल्या बिघडलेल्या पेशी इम्युनोग्लोब्युलिनचा पूर सोडतात, त्याने चळती होतात. त्याच पेशी मज्जेतली जागा अडवतात, त्याने रक्त कमी होतं. ॲनिमिया आणि ईएसआर, दोघंही त्याच आजाराची चुगली करत असतात. शंभरच्या वर गेलेला ईएसआर निव्वळ ॲनिमियाच्या खाती टाकायचा नाही, हे म्हणूनच शिकवलं जातं. संसर्ग, कर्करोग, रक्तवाहिन्यांचा दाह, मूत्रपिंडाचे विकार यांचा शोध तिथे घ्यावाच लागतो.

संधिवाताच्या रुग्णांत हा गुंता दर भेटीला समोर येतो. आजार किती चढलाय हे मोजायची डीएएस-२८ नावाची फूटपट्टी दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाचं स्वतःचं मत आणि ईएसआर किंवा सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन, त्याबद्दल पुढे) यांवर उभी आहे. मासिक पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईचा ईएसआर ॲनिमियानेही चढलेला असेल, तर सांधे शांत असूनही आकडा आजार वर दाखवू शकतो. औषधाचा डोस वाढवायचा की लोहाची कमतरता भरून काढायची, हे अशा वेळी सांध्यांना हात लावूनच ठरवावं लागतं.

नव्या यंत्रांचं काय

आजच्या मोठ्या लॅबमध्ये तासभर थांबणारे स्टँड कमी होत चालले आहेत. काही यंत्रं बॉयकॉटचंच निरीक्षण कामाला लावतात: ट्यूब १८ अंशांत कलती ठेवतात, वीसेक मिनिटांत वाचतात आणि गणिताने तासाचा आकडा काढतात. काही यंत्रं पेशी खाली पडायची वाटच बघत नाहीत. केसासारख्या बारीक नळीत चळती कशा बनतात ते प्रकाशाच्या मदतीने वीस सेकंदांत मोजतात. या प्रकारात पीसीव्हीचा हस्तक्षेप कमी होतो, पण ॲनिमिया असलेल्या रक्तात जुन्या नळीचा आणि या यंत्राचा आकडा जुळेलच असं नाही. म्हणून एका लॅबचा जुना रिपोर्ट दुसऱ्या लॅबच्या नव्या रिपोर्टशेजारी ठेवताना पद्धत कोणती ते बघावं लागतं; बऱ्याच रिपोर्टवर ती आकड्याखाली बारीक अक्षरांत छापलेली असते. पद्धत वेगळी असेल तर चढ-उतारावर फार विसंबू नये.

दुसरी वाट सीआरपीची. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत शोधलेलं हे प्रथिन थेट प्लाझ्मात मोजलं जातं. त्याला लाल पेशी किती आहेत याच्याशी देणंघेणं नाही. दाह सुरू झाल्यावर काही तासांत ते वाढतं आणि दाह शमला की लवकर उतरतं, तर ईएसआर उतरायला आठवडे लागतात. ॲनिमिया असलेल्या रुग्णात ईएसआर वाढलेला आणि सीआरपी अगदी कमी असेल, तर ॲनिमियाचा वाटा मोठा असण्याची शक्यता वाढते. तरीही ईएसआर निकालात निघालेला नाही. ल्युपसमध्ये सीआरपी अनेकदा शांत राहतं आणि ईएसआर चढतो. मायलोमातही इम्युनोग्लोब्युलिनचा पत्ता सीआरपीपेक्षा ईएसआरच आधी देतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

मग त्या तिशीतल्या बाईंनी काय करायचं? आधी ईएसआरवरून नजर काढून हिमोग्लोबिन, पीसीव्ही आणि एमसीव्ही या तीन ओळी वाचायच्या. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, सकाळी आखडणारे सांधे यांपैकी काही आहे का, ते डॉक्टरला स्पष्ट सांगायचं. असं काही असेल तर ॲनिमियाची सबब पुढे करायची नाही. पुढचा तपास लगेच व्हायला हवा. नसेल, तर शंकेपोटी अँटिबायोटिक घ्यायचं कारण नाही. ॲनिमिया कशाचा आहे, ते आधी शोधायचं: फेरिटिन, गरज पडली तर बी-१२, पाळीत रक्त किती जातं, पोटातून कुठे रक्तस्राव होतोय का. हिमोग्लोबिन ७ हा स्वतःच उपचार मागणारा आकडा आहे, शेजारी ईएसआर असो वा नसो.

उपचार सुरू झाला की तोच तपासाचंही काम करतो. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या जवळ यायला दोन-तीन महिने लागतात. तेव्हा त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने ईएसआर पुन्हा करायचा. हिमोग्लोबिन चढलं आणि ईएसआर आपोआप खाली आला, तर त्या ४८ चं उत्तर मिळालं. कुठलंही सूत्र याहून नेमकं उत्तर देत नाही. हिमोग्लोबिन चढलं, पण ईएसआर होता तिथेच राहिला, तर दाह कुठे आहे ते शोधायचं, आणि आता त्या शोधात ॲनिमियाचा अडथळा उरलेला नाही. आणि गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिनच हललं नाही, तर लोह शरीरात पोहोचत का नाही हा प्रश्न आधी सोडवायचा. कदाचित वाढलेल्या ईएसआरचं कारण आणि त्या प्रश्नाचं उत्तर एकच असेल.